दिनविशेषातील १ जुलै : घडलेली तारीख आणि लावलेली तारीख

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज येणाऱ्या ‘दिनविशेष’ या सदराविषयी, आणि त्यातही १ जुलैच्या सदराविषयी, थोडे सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर कात्री चालवण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे. फक्त ती तारखांवर चालवू नये, एवढी विनंती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मुख्याध्यापक असून दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी ‘ड’ वर्गाचे एक सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. गावात आपला अंक सकाळच्या एसटीने येतो आणि पहिल्यांदा वाचनालयातच उघडला जातो. शाळेत वर्तमानपत्र येत नाही, म्हणून परिपाठाची पाळी ज्या वर्गाची असेल त्या वर्गाचा एखादा विद्यार्थी वही घेऊन आमच्याकडे येतो, सुविचार आणि दिनविशेष उतरवून घेतो आणि शाळेत जाऊन दर्शनी फळ्यावर खडूने लिहितो. म्हणजे आपले हे सदर आमच्या गावात वाचले जाते त्याहून जास्त लिहिले जाते, आणि शंभर-सव्वाशे मुले ते रांगेत उभी राहून मोठ्याने ऐकतात. आपल्या कार्यालयात बसून हे सदर जुळवणाऱ्या उपसंपादकाला याची कल्पना असेलच असे नाही, म्हणून आधी सांगितले.

यंदा १ जुलैला सातवीतील एक मुलगी आली होती. त्या दिवशी सदरात तेरा नोंदी होत्या. १६४६ मध्ये गणितज्ञ लायब्निझचा जन्म, १८६७ मध्ये कॅनडाची स्थापना, १८८२ मध्ये डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म आणि १९६२ मध्ये त्यांचेच निधन, १९०९ मध्ये मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीवर झाडलेल्या गोळ्या, १९१३ मध्ये वसंतराव नाईक यांचा जन्म, १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईची सुरुवात, १९३८ मध्ये बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म, १९५५ मध्ये भारतीय स्टेट बँकेची स्थापना, १९६१ मध्ये राजकन्या डायना आणि अंतराळवीर कल्पना चावला यांचे जन्म, १९९७ मध्ये हाँगकाँगचे हस्तांतरण आणि २०१७ मध्ये जीएसटीची अंमलबजावणी. प्रत्येक नोंद एका ओळीची, आणि डायनाचे तेवढे छायाचित्र. फळ्यावर चारच ओळी मावतात, म्हणून मुलीने चार निवडल्या : डायना, कल्पना चावला, स्टेट बँक आणि जीएसटी. वसंतराव नाईक वगळले. मी कारण विचारले तेव्हा तिने सरळ सांगितले की त्या ओळीत नाव आणि ‘जन्म’ याखेरीज काहीच नव्हते, आणि जीएसटी तिला ठाऊक होता. आमच्या गावाहून दारव्हा, दिग्रस करत गेले की पुसद येते आणि पुसद तालुक्यातले गहुली हे वसंतरावांचे जन्मगाव. ते मुख्यमंत्री होते हेही त्या ओळीत नव्हते. मुलीची चूक मी धरत नाही. तिने छापलेल्या मजकुरातून निवड केली, आणि छापलेल्या मजकुरात आमचा जिल्हाच नव्हता.

परंतु माझी मुख्य तक्रार एवढ्यापुरती नाही. १ जुलै ही तारीख आम्हा शिक्षकांच्या फार परिचयाची आहे, आणि तिच्याविषयी मला काही कबूल करायचे आहे.

विदर्भातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडून जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरवा. पानेच्या पाने १ जुलै दिसेल. काही ठिकाणी १ जून दिसेल, पण आमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, त्यामुळे १ जुलैचे पारडे जड. यातल्या कितीतरी नोंदी माझ्या हस्ताक्षरातल्या आहेत. आई किंवा आजी मुलाचा हात धरून येत असे. जन्मतारीख विचारली की उत्तर येई ते तारखेत नसे. ‘मृग लागला होता’, ‘तूर सोंगणीला आली होती’, ‘याच्या काकाच्या लग्नानंतर दोन महिन्यांनी’, ‘मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली’, ‘पोळ्याच्या करीला, आणि त्या दिवशी झड लागली होती’. हे उत्तर त्या बाईच्या दृष्टीने बिनचूक होते. दिवस, हवामान, शेतातले काम, सगळे तिला ठाऊक होते; नव्हता तो फक्त आकडा, आणि माझ्या रकान्याला आकडाच हवा होता. मग मी मुलाकडे बघायचो, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचो, कान हाताला लागला की सहा वर्षे पूर्ण समजायचो आणि वर्ष मागे मोजून १ जुलै लिहून टाकायचो. शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख घेतली की वयाचा हिशेब सोपा जाई, तपासणीला आलेले अधिकारीही हरकत घेत नसत. एका दिवसात मी दहा-बारा मुलांना जन्म दिल्याचे मला आठवते.

ज्यांच्या घरी पंचांग होते त्यांच्याकडे पत्रिका असे आणि पत्रिकेवरून तारीख निघे. ज्यांच्या घरी पंचांग नव्हते त्यांची तारीख गुरुजींच्या सोयीने ठरली. गावातल्या कोणत्या घरांच्या वाट्याला १ जुलै जास्त आला, हे वेगळे सांगायला नको.

माझी स्वतःची जन्मतारीखही १ जुलैच आहे, वर्ष १९५४. आई मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली की तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, तान्ह्या पोळ्याचा. पुढे एका कामासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने कोतवाल बुक पाहण्याचा योग आला. पूर्वी गावात जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल ठेवत असे, आणि त्या नोंदी आजही जात पडताळणीसाठी लोक शोधत फिरतात. त्या वहीत वडिलांचे नाव, जात आणि पुढे ‘मुलगा’ एवढेच सापडले. बाळाचे नाव नव्हते, कारण तोवर ते ठेवलेलेच नव्हते. तारीख ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यातली होती. आईचा तान्हा पोळा खरा ठरला. अर्थात ती तारीख जन्माची होती की कोतवालाला वर्दी दिल्याची, हे त्या पानावरून कळत नव्हते. पण आई आणि कोतवाल यांच्यात फार तर दोन-चार दिवसांचे अंतर राहील, गुरुजी मात्र दोन महिने चुकले होते.

या दोन महिन्यांची किंमत काय, असे कोणी विचारील. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला शासकीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३० जून हा जिल्हा परिषदेत निरोपसमारंभांचा दिवस असतो. हार कमी पडतात आणि एकाच भाषणात पाच-पाच नावे घ्यावी लागतात. सहाव्या वेतन आयोगापासून वार्षिक वेतनवाढीची तारीख सर्वांना सारखी, १ जुलै, झाली. म्हणजे वर्षभर काम करायचे, ३० जूनला घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशीची वेतनवाढ हुकायची. मीही २०१२ मध्ये असाच घरी आलो. याबद्दल ठिकठिकाणी दावे चालले आणि अखेर एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वर्षभराच्या सेवेने मिळवलेली वेतनवाढ, ती देय होण्याच्या आदल्या दिवशी निवृत्त झाला म्हणून, कर्मचाऱ्याला नाकारता येणार नाही. एखाद्या गुरुजीने कधीतरी सोयीने लिहिलेली तारीख अशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोचते. आता तर १ जुलैला गावातल्या व्हॉट्सॲपच्या गटावर शुभेच्छांचा जो पूर येतो त्यात कोणी कोणाला खरोखर उद्देशून बोलत आहे असे वाटत नाही. आणि ज्यांच्याकडे शाळेचा दाखलाही नव्हता, केवळ वर्ष सांगता आले, त्यांना आधार कार्डाने १ जानेवारी दिली. एकाच घरात आजी १ जानेवारीची, मुलगा १ जुलैचा आणि नात मात्र दवाखान्याच्या घड्याळाप्रमाणे मिनिटासकट, हे चित्र आमच्याकडे नेहमीचे आहे.

आता या अनुभवाच्या उजेडात आपल्या त्या तेरा नोंदी पुन्हा वाचल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्यांतल्या काही तारखा घडलेल्या आहेत आणि काही लावलेल्या आहेत. कॅनडाची स्थापना त्या दिवशी ‘घडली’ नाही; ब्रिटिश संसदेने केलेला कायदा कधीपासून लागू करायचा म्हणून १ जुलै १८६७ ही तारीख ठरवण्यात आली. हाँगकाँगचे हस्तांतरण १९९७ मध्ये त्याच दिवशी झाले, कारण हाँगकाँगमधील ‘न्यू टेरिटरीज’ या भागाचा ब्रिटनने चीनकडून घेतलेला ९९ वर्षांचा भाडेपट्टा १ जुलै १८९८ पासून मोजायचा होता. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १ जुलै १९५५ पासून, जीएसटी १ जुलै २०१७ पासून, आणि भारतीय दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता व तिच्यासोबतचे दोन कायदे १ जुलै २०२४ पासून. ही शेवटची नोंद तर आपल्या यादीत नव्हतीच. वर्षाचा बरोबर मध्य, महिन्याची पहिली तारीख, हिशेबाला सोपी. हाँगकाँगचा पट्टा लिहिणारा कारकून आणि दाखल-खारीज रजिस्टर लिहिणारा मी, आम्हा दोघांची विचार करण्याची रीत एकच होती. त्यामुळे १ जुलैला एवढ्या घटनांची गर्दी होते यात योगायोग फारसा नाही. जगभरच्या कचेऱ्यांना ही तारीख आवडते, इतकेच.

याउलट धिंग्रांच्या गोळ्या त्या दिवशी झाडल्या गेल्या त्या काही कोणाच्या हिशेबाच्या सोयीने नव्हेत. १ जुलै १९०९ च्या रात्री लंडनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये समारंभ होता, वायली तेथे आला होता, म्हणून ती तारीख. धिंग्रांना १७ ऑगस्टला फाशी झाली. अकोल्याला मदनलाल धिंग्रा चौक आहे. आमच्या भागातली मुले त्या चौकातून जातात आणि नाव कोणाचे हे त्यांना माहीत नसते. सदरात हा चौक आला असता तर ती ओळ फळ्यावर नक्की गेली असती. सोमच्या लढाईची गोष्टही तशीच. पहिल्या एकाच दिवशी ब्रिटिश सैन्याचे १९,२४० सैनिक मारले गेले आणि जखमी व बेपत्ता धरून आकडा ५७,४७० वर गेला. हे आकडे न देता ‘लढाईस सुरुवात’ असे दोन शब्द छापणे म्हणजे जागा वाया घालवणे आहे.

कल्पना चावलांच्या नोंदीने मात्र मी थांबलोच. त्यांचा जन्म हरियाणातील कर्नाल येथे १७ मार्च १९६२ रोजी झाला. मॅट्रिकच्या परीक्षेला बसण्याइतके वय भरावे म्हणून कागदोपत्री तो १ जुलै १९६१ असा करण्यात आला, आणि पुढे तीच त्यांची अधिकृत तारीख राहिली. नोव्हेंबर १९९७ मध्ये ‘कोलंबिया’ यानातून अवकाशात गेलेली आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी त्याच यानाच्या दुर्घटनेत सहा सहकाऱ्यांसह मरण पावलेली ही बाई, जन्मतारखेपुरती आमच्या गावातल्या निम्म्या लोकांसारखी निघाली. आपण १ जुलैला त्यांचा जन्म छापलात तो कागदाप्रमाणे चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु ‘कागदोपत्री’ हा एक शब्द हवा होता. तो असता तर आमच्या शाळेतल्या मुलांना, ज्यांच्या आजोबांची आणि बऱ्याचदा वडिलांचीही तारीख अशीच आहे, त्या ओळीत स्वतःचे घर दिसले असते. सातवीतल्या त्या मुलीला मी ही हकीकत सांगितली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता की मग त्यांच्या गुरुजींनीही १ जुलैच का लिहिला. उत्तर मला चांगलेच ठाऊक होते.

लायब्निझची तारीख आणखी वेगळ्या तऱ्हेने लावलेली आहे. तो जर्मनीत लाइपझिग येथे जन्मला तेव्हा त्या प्रॉटेस्टंट प्रदेशात जुने ज्युलियन पंचांग चालू होते. त्या पंचांगाप्रमाणे त्याचा जन्म २१ जून १६४६ चा. ग्रेगोरियन पंचांग तेथे १७०० मध्ये स्वीकारले गेले आणि नंतर दहा दिवस मिळवून १ जुलै काढण्यात आला. म्हणजे त्याच्या आईने त्या दिवसाला १ जुलै कधीच म्हटले नसणार. यात गैर काही नाही, रूपांतर करावेच लागते. तिथी आणि तारीख यांच्या ओढाताणीत वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगणे तर मुळीच अवघड नाही. शेगावचे गजानन महाराज प्रकटले तो दिवस इंग्रजी तारखेने २३ फेब्रुवारी १८७८ आणि गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. दोघेही वऱ्हाडातले, तारीख एक. पण महाराजांचा प्रकटदिन लोक माघ वद्य सप्तमीला करतात आणि बाबांची जयंती तारखेने होते, म्हणून हे दोन दिवस एकत्र आल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा जोडीला सदरात चार ओळी दिल्यात तर आमच्या भागातला वाचक त्या कापून ठेवील.

आपल्या यादीत एक घटना नव्हती, तिची आठवण करून देतो. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या सभेत चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीविषयीचे टिपण वाचले गेले. सजीवांच्या उत्क्रांतीचा हा विचार जगापुढे प्रथम मांडला गेला तो या दिवशी. वाचनाच्या वेळी दोघांपैकी एकही हजर नव्हता. वॉलेस दूर मलाया द्वीपसमूहात होता आणि आपले टिपण वाचले जात आहे हेही त्याला माहीत नव्हते. डार्विनचा तान्हा मुलगा तीनच दिवसांपूर्वी तापाने गेला होता, म्हणून डार्विन घरीच होता. सभेत फारशी चर्चा झाली नाही. पुढच्या वर्षी सोसायटीच्या अध्यक्षांनी वार्षिक आढावा घेताना, सरलेल्या वर्षात शास्त्राला वळण देणारा एखादा ठळक शोध लागला नाही, अशा अर्थाचे विधान केले. त्या साली कोणी दिनविशेष लिहिला असता तर त्यात हा दिवस आलाच नसता. तारीख त्या दिवशी घडली होती खरी, पण ती मोठी आहे हे कळायला वर्ष-दोन वर्षे जावी लागली. जीएसटीची तारीख मात्र आधी जाहीर करून, मध्यरात्री संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात समारंभ करून आली.

डॉ. रॉय यांच्याबद्दल दोन वाक्ये. पाटण्यात जन्मलेला हा डॉक्टर पश्चिम बंगालचा मुख्यमंत्री असतानाच, ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी कोलकात्यात वारला, आणि म्हणून १९९१ पासून १ जुलै हा आपल्याकडे डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो. आपण जन्म एका ओळीत आणि निधन सहा ओळी सोडून खाली छापलेत, त्यामुळे हा मेळ वाचकाच्या नजरेतून सुटला.

आता वसंतरावांकडे येतो. ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या जन्मदिवशी, १ जुलैला, राज्यात कृषी दिन असतो. वकिलीच्या सुरुवातीला त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम केले होते. त्यांच्याच कारकिर्दीत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. अकोल्याचे १९६९ मध्ये, आणि त्याला पुढे पंजाबरावांचेच नाव मिळाले. संकरित ज्वारीचा प्रसार त्याच वर्षांतला. आमच्या भागात ‘हायब्रीड’ हा शब्द ज्वारीसोबतच आला आणि नंतर अंगापिंडाने वाढलेल्या पण कामाला न वाकणाऱ्या पोरांनाही तो लावला जाऊ लागला. कापूस एकाधिकार खरेदी योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, ज्यांवर माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या आयांनी खडी फोडली आणि मातीची टोपली उचलली. त्या मुलांचे वय सांगताना त्या बायका ‘खडीवर होते तेव्हा हा पोटात होता’ असे सांगत, आणि मी त्यापुढे १ जुलै लिहीत असे. वसंतरावांच्या कामाबद्दल मतभेद असतील, कापसाच्या योजनेचे पुढे जे झाले ते आम्ही भोगले आहे. परंतु तेरा ओळींमध्ये त्यांना दिलेली ओळ लायब्निझच्या ओळीएवढीच असावी, हे यवतमाळ जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या आवृत्तीला शोभत नाही.

जाता जाता, कृषी दिनाच्या तारखेतही एक गंमत आहे. १ जुलैला आमच्याकडे पेरणी चालू असते, पावसाने ओढ दिली असेल तर दुबार पेरणीची चिंता असते, आणि तालुक्याच्या सभागृहात शेतकऱ्याच्या सत्काराची खुर्ची पुष्कळदा त्याच्या भावाला किंवा मुलाला भरून काढावी लागते. पण वसंतरावांचा जन्मच त्या दिवशीचा, त्याला कोण काय करणार.

माझ्या सूचना थोड्या आहेत. पहिली अशी की सदरातल्या नोंदी चार किंवा पाचच असाव्यात, आणि प्रत्येकीत व्यक्ती किंवा घटना कोण-काय, कुठली, आणि आज तिची आठवण का, हे सांगणारी दोन-तीन वाक्ये असावीत. गूगलवरून उतरवलेली तेरा नावे आम्हालाही मोबाइलवर दिसतात. तुमच्याकडून आम्हाला निवड हवी आहे. दुसरी, तारीख कागदोपत्री असेल, जुन्या पंचांगावरून बदलून घेतलेली असेल किंवा तिच्याबद्दल वाद असेल, तर तसा एखादा शब्द कंसात टाकावा. शिवजयंतीच्या तारखेवरून महाराष्ट्राने किती वर्षे वाद घातला हे पाहता, मराठी वाचक एका शब्दाने गोंधळून जाईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तिसरी सूचना जिल्हा आवृत्तीपुरती : आमच्या पाच-सहा जिल्ह्यांतली एक तरी नोंद रोज असावी. रोज ती मिळणार नाही हे मला कळते. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी ती जागा रिकामी न ठेवता, धिंग्रांच्या चौकासारखा एखादा दुवा शोधता येतो.

आणखी एक काम आपल्यासारख्या दैनिकाने हाती घ्यावे असे वाटते, आणि त्याला घाई आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरायचे असा कायदा झाला आहे. म्हणजे गुरुजींनी तारीख लावण्याचा काळ संपला, हे चांगलेच झाले. परंतु ज्यांना तारखा लावल्या गेल्या ती माणसे अजून आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या थोरल्या बहिणी, मावश्या, आत्या अजून सांगू शकतात की हा कोणत्या नक्षत्रात, कोणत्या सणाला, कोणत्या पिकाच्या वेळी झाला. मी वाचनालयात एक वही ठेवली आहे. तिच्यात उजवीकडे शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि डावीकडे म्हाताऱ्यांनी सांगितलेली खूण, अशा नोंदी करतो. आतापर्यंत एकेचाळीस झाल्या. त्यांपैकी सदतीस उजवीकडे १ जुलैच्या आहेत. डावीकडे मात्र एकही नोंद दुसरीसारखी नाही. एकाच्या पुढे ‘पऱ्हाटी फुटली होती’ आहे, एकीच्या पुढे ‘अक्षय तृतीया, बापू मांडे खाऊन शेतात गेले होते’ आहे, आणि एका आजोबांच्या पुढे नुसतेच ‘पूर आला ती रात्र’ असे लिहिले आहे, कोणता पूर ते सांगणारे आता कोणी उरले नाही. आपण वाचकांना आवाहन केलेत तर अशा वह्या गावोगावी निघतील, आणि पुढच्या १ जुलैच्या सदरात त्यांतल्या पाच-सहा नोंदी छापता येतील. या ४१ नोंदींची प्रत, नावे वगळून, मी वेगळ्या पाकिटातून पाठवत आहे.

अंक आमच्याकडे साडेआठला पोचतो आणि मुलगी सव्वानऊला येते. साडेदहाच्या शाळेआधी तिला फळा पुसून, चौकट आखून, सुविचार लिहून मग दिनविशेष लिहायचा असतो. तेरा ओळी तिला कधीच लिहिता येणार नाहीत. चार येतील, आणि त्या चार कोणत्या हे आपण ठरवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)